चपला आत घेऊन या

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. सकाळी चालायला गेली, छातीत कळ आली म्हणून रस्त्याकडेला बसली, ती उठलीच नाही. शाळेपासूनची मैत्रीण गेल्यावर माणसानं आधी तिच्यासाठी रडावं... पण खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या धाकट्या भावाचा. आता दत्ताचं काय?

सुनंदा बीडमध्ये खासगी समुपदेशक होती. औषधाच्या दुकानावर तिची खोली. दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि दाराच्या आतल्या बाजूला अंथरलेलं एक पोतं. ते चपलांसाठी. "चपला आत घेऊन या," हे येणाऱ्या प्रत्येकाला तिचं पहिलं वाक्य. मला आधी हसू यायचं. पण आपल्याकडं दाराबाहेरच्या चपलांवरून माणूस ओळखतात, आणि 'डोक्याच्या बाई'कडं कोण गेलं ही बातमी आमच्या चौसाळ्याला पोचायला एस.टी.ची वाट बघत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दत्ता लिंबागणेशला शेती बघतो, शेळ्या राखतो. मागच्या वर्षी त्याचं बोलणंच आटलं. शेळ्या चरायला सोडायचा आणि विहिरीच्या काठावर बसून राहायचा. आई म्हणे, नजर लागली. मी त्याला जवळजवळ ओढतच सुनंदाकडं नेलं आणि त्याच्या शेजारी बसायला लागले, तर ही म्हणते, "शोभे, तू खाली जाऊन चहा पी."

"अगं, सख्खी बहीण हाय मी त्याची!"

"म्हणूनच."

पण मी उठायच्या आधी तिनं आम्हा दोघांनाही चार गोष्टी ऐकवल्या. "दत्ता, मी डॉक्टर न्हाई. गोळ्या देत न्हाई. लागतील असं वाटलं तर डॉक्टरकडं धाडीन. एका खेपेत काई होत न्हाई, उलट पयल्यांदा बोलल्यावर जड वाटंल. मी कुठं शिकले, पैसे किती घेते, आधीच इचार, लाजू नको. माझ्याशी न्हाई जमलं तर तोंडावर सांग, दुसरं माणूस बघू. हितलं हितंच राहील. फक्त तुज्या जिवाला धोका वाटला तर घरातल्या एकाला सांगीन... ते बी तुला सांगून." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "एक लुगडं घ्यायला चार दुकानं पालथी घालतीस. त्याला मन उघडायचंय, जरा इचारून-पाजारून बसू दे."

तो बाहेर पडला की मी तिला जिन्यातच गाठायचे. "काय बोलला गं?" ती वर आभाळाकडं बघून म्हणायची, "आज ऊन लई हाय." भर पावसाळ्यातही हेच! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला असा संताप यायचा, की एकदा मी तिच्याशी अबोलाच धरला. तो तिनंच मोडला, फोन करून. "दत्ताला थोडे दिवस तुझ्याकडं ठेव. एकटा सोडू नको. त्याला सांगूनच फोन केलाय." कारण विचारायची माझी छाती झाली नाही. माझ्या ओट्यावर बसून तो शेंगा फोडायचा, आणि हळूहळू ताटात वाढलेलं संपवायला लागला.

सुनंदाच्या दहाव्याला मागच्या बाजूला बरीच अनोळखी माणसं उभी होती, एकमेकांकडं न बघता. दत्ताही त्यांच्यातच. तिच्या दिरानं त्याला सहज विचारलं, "पाव्हणं, तुमची वळख कशी?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मीच पुढं होऊन म्हणाले, "माझा भाऊ हाय. मला सोडायला आलाय." उघडपणे रडायचीसुद्धा सोय नव्हती त्याला. परतताना मोटारसायकलवर तो एवढंच बोलला, "अक्का, आता पुन्हा पयल्यापासून कुणाला सांगू? ... न्हाई जमायचं." थोड्याच दिवसांत आईचा फोन आला, पोरगं परत विहिरीवर बसायलंय. तशीच लिंबागणेशला गेले आणि त्याला घरी घेऊन आले. गेवराईच्या एका समुपदेशक बाईंचं नाव सुनंदानं त्याला कधीतरी सांगून ठेवलं होतं. 'मी नसले तर' म्हणून.

मागच्या आठवड्यात आम्ही तिथं गेलो. जिना चढून वर गेलं की दाराबाहेर चपलांसाठी चांगली मांडणी होती. दत्ता दारात थांबला... थांबूनच राहिला. मला वाटलं, आता हा माघारी फिरतो. मग तो वाकला, चपला काढून हातात घेतल्या आणि आत गेला. मला कुणी सांगायच्या आधीच मी खाली आले, चहाच्या टपरीवर बसले आणि सुनंदासाठी पहिल्यांदा मनमोकळी रडले. आता जिन्यात गाठून विचारायला ती नाही, हे तेव्हा कुठं मला कळलं.

दत्ता बाहेर आला. चहा घेता घेता, मी काही न विचारता, खाली मान घालून म्हणाला, "अक्का, मी त्या हिरीवर का बसायचो, सांगू का तुला?" आणि त्यानं सांगितलं.

बसमध्ये बसलो तोच आईचा फोन. "काय म्हणला गं दत्ता? काय झालं हुतं त्याला?" दत्ता खिडकीशी बसून माझ्याकडं बघत होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"आई," मी म्हणाले, "आज ऊन लई हाय."