चाळीस मिलिमीटर खाली

ऐका. ही फजिती दुसऱ्या कुणाची असती तर मीठमसाला लावून सांगितली असती. माझीच आहे, म्हणून आहे तशी सांगतो.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मोजमापाची साधनं. त्यामुळे मिलिमीटरच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. आणि आमच्या छोट्या पांढऱ्या गाडीकडं बघून मला रोज एकच सलायचं. चाक आणि मडगार्डमधली ती फट! चार बोटं आत जातात हो! ही गाडी म्हणायची का स्टूल?

तीन महिने मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि ठरवलं, लोअरिंग स्प्रिंगा टाकायच्या. म्हणजे काय, तर कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक बसवायच्या. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसते. बघणारा वळून बघतो!

नगरला आमचे मेकॅनिक सलीमभाई. ते म्हणाले, "साहेब, दोन प्रकार हायत. एकानं गाडी पंचवीस मिलिमीटर खाली बसती, दुसऱ्यानं चाळीस. पंचवीस घ्या."

"पंचवीसनं कुणाला कळणार तरी आहे का, भाई?"

"कंबरेला कळंल की."

"चाळीसच टाका!"

टाकल्या. रविवारी एकटाच बायपासला चक्कर मारून आलो. काय सांगू! वळणावर गाडी जरा म्हणून झुकेना. थोडी कडक लागत होती, नाही म्हणत नाही. रस्त्यावर शेंगदाण्याची टरफलं पडली असतील तर बसल्या जागी मोजता आली असती. पण मी म्हटलं, यालाच स्पोर्टी म्हणतात.

पुढच्याच आठवड्यात मेव्हण्यासाठी मुलगी बघायला जायचं होतं. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा, सुनीताचा, धाकटा भाऊ गणेश. चार वर्षं स्थळं बघत होता. दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं, त्यामुळे पोरगं पार खचलेलं. मुलीचं गाव शेवगावच्या अलीकडं. सासरे म्हणाले, "पाव्हणं, एखादी जीप सांगू का?"

"मामा, घरची गाडी असताना जीप? शोभतं का?"

गाडी धुतली. पुढं झेंडूचा ताजा हार घातला. घोडेगावला सासुरवाडीत जाऊन सगळ्यांना घेतलं. पुढं मामा, मागं मामी, सुनीता आणि गणेश. पाच माणसं.

पहिला खड्डा आला. ढण्ण!

"आई गं!" मागून मामी. "जावईबापू, गाडी हाय का उखळ?"

"स्पोर्टी सस्पेन्शन आहे, मामी."

"असंल. पर माझ्या मनक्याला ते कळंना ना!"

कसेबसे त्या गावाच्या वेशीपर्यंत पोचलो. तिथं पहिला स्पीडब्रेकर. खर्रर्र! गाडी पोटावर बसली. पुढं जाईना, मागं येईना. सगळे उतरले तशी ती वर आली आणि सुटली. परत बसले. पुढं लगेच दुसरा. परत उतरले. वेशीपासून मुलीच्या घरापर्यंत असले सात!

तिसऱ्याला मामा वैतागले. "ऱ्हाऊ द्या. आमी मागनं चालतो. तुमी व्हा म्होरं, पर बेतानं."

आता नीट डोळ्यांपुढं आणा. पांढरी गाडी, पुढं हार, मुंगीच्या चालीनं चाललेली. मागं पांढऱ्या टोपी-सदऱ्यात मान खाली घातलेले मामा. उन्हामुळं तोंडावर पदर ओढलेल्या मामी, कंबर धरून, पावलापावलाला "आई गं, आई गं!" धूळ डोळ्यात गेली म्हणून सुनीताचा रुमाल डोळ्याला. आणि गणेशचा चेहरा तर काय, चार वर्षं तसाच होता.

चहाच्या टपरीवर बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला. हात जोडले. दुकानातलं गाणं बंद झालं. माणसं गप होऊन गाडीमागं चालायला लागली. मला काय वाटलं असेल? बरोबर ओळखलंत. गाडीवरून नजर हटत नाही लोकांची! मीही आतून ऐटीत हात जोडत होतो.

मुलीच्या दारात पोचलो तेव्हा मागं तीस-चाळीस माणसं. मुलीचे वडील पांढरेफटक पडून धावत आले. "अवो, काय झालं? कोन गेलं?"

मामा चक्रावले. "कुठं कोन गेलं? आमी पोरगी बघायला आलोय!"

गर्दीतल्या एका म्हातारीनं रडायला सूर लावलाच होता. ती मध्येच थांबली. "मंग गाडीत कोन हाय?"

सगळ्या गावानं वाकून आत बघितलं.

"नमस्कार," मी म्हणालो. "मी जावई."

गणेशनं डोळे मिटून घेतले. तिसरं स्थळ गेलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं. आपली गाडी नडली, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात दारातून खळखळून हसायचा आवाज आला. मुलगी! पल्लवी तिचं नाव. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केलेला, शेवगावला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. साडी सावरत ती गाडीशी उकिडवी बसली, खाली वाकून बघितलं.

"लोअरिंग स्प्रिंगा का, भाऊ? किती?"

"चाळीस."

"टाकल्यावर पाच माणसं बसवून बघितलं होतं?"

मी! लोड टेस्ट नसेल तर पार्टची अख्खी पेटी परत पाठवणारा मी!

"एकटाच होतो," मी पुटपुटलो.

मग काय, सगळं अंगण हसलं. मामी तर कंबर विसरून हसल्या. पोहे खाताना गणेशनं धीर करून विचारलं, "तुम्हाला गाड्यांची आवड दिसती."

"माणसं बसतात, असल्या गाड्यांची," ती म्हणाली.

जमलं! तिथंच सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

दुसऱ्या दिवशी मी सलीमभाईंकडं जाऊन मूळ स्प्रिंगा बसवून घेतल्या. भाई पाना फिरवता फिरवता नुसते माझ्या कंबरेकडं बघत राहिले. पण मी हार मानणारा नाही. लग्नाच्या तयारीत गणेशला फोन केला, "वरात माझ्याच गाडीतून काढायची!"

"दाजी, घोडा ठरलाय."

"अरे, पण गाडी आता पूर्ण चाळीस मिलिमीटर वर घेतलीय!"

"व्हय, सांगितलं मी तिला. पर घोडा पाच फूट हाय. पल्लवीनं सोता जाऊन मोजलाय."