दर दोन तासांनी कूस

मी एक खोटी सही केली होती, हे आधीच सांगून टाकते. एक नाही, चार. नंतर जे घडलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो, पण त्याची सुरुवात त्या चार सह्यांपासून झाली.

तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. घर कामठीला, वडील पावरलूमवर कामाला, आणि मी नागपुरात हॉस्टेलवर. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आमची ड्यूटी लागायची. त्या महिन्यात हाडांचा पुरुष वॉर्ड आला. साठ खाटा, आणि खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर गाद्या टाकून आणखी पेशंट. सकाळच्या पाळीला दोन स्टाफ सिस्टर आणि आम्ही चार विद्यार्थिनी.

कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही पेशंटची कूस बदलायला शिकलो होतो, ती एका रबरी पुतळ्यावर. तो हलका होता, कण्हत नव्हता, लाजत नव्हता आणि त्याला सलाइन लावलेलं नव्हतं. वॉर्डात आल्यावर कूस बदलणं तर दूरच, पेशंटजवळ दोन मिनिटं उभं राहायलाही मिळेना. रक्ताचे नमुने लॅबला पोचव, स्ट्रेचर शोधून आण, टेम्परेचर घे, रजिस्टर भर. शिकायला आलेल्या आम्ही, पण वॉर्डाला आम्ही आठ जादा हात होतो.

एका दुपारी ड्यूटी संपत आली असताना एक स्टाफ सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन पळता पळता मला म्हणाली, "अवं, सतरा नंबरचा चार्ट राहिला. आठ, दहा, बारा, दोन. भरून टाक अन् तुझी सही कर."

पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, त्याचा तक्ता खाटेच्या पायथ्याशी लटकत असे. वेळ, कोणत्या कुशीवर ठेवलं, आणि सही. मी पेन काढलं आणि एका मिनिटात चार ओळी भरल्या. डावी, पाठ, उजवी, डावी. सतरा नंबरवर कोण आहे, हेही मी नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खाटेची चादर बदलायची पाळी आली. माझ्यासोबत माझी मैत्रीण होती, गडचिरोलीकडची, वर्गातली सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी. आम्ही पेशंटला जरा कडेला वळवलं आणि आधी वास आला. मग दिसलं. माकडहाडावर पुरीएवढी जखम, मध्ये काळी, कडेला पिवळी. एकाच जागी पडून राहिल्यानं झालेली.

"हे केव्हा झालं?" मैत्रीण हळूच म्हणाली.

पेशंटला काहीच कळलं नव्हतं. तो कळमन्याच्या बाजारातला हमाल. धान्याच्या पोत्यांच्या थप्पीवरून खाली पडून त्याच्या पाठीचा कणा मोडला होता, आणि कंबरेखाली त्याला संवेदनाच नव्हती. जखम दुखली असती तर त्यानं आरडाओरडा केला असता. दुखत नव्हती, म्हणून गप्प होता. आणि तक्त्यावर माझ्या चार सह्या होत्या.

त्या सकाळी माझ्या हातून थर्मामीटर फुटलं. अकराच्या सुमारास मी इन्चार्ज सिस्टरकडे गेले. पन्नाशी उलटलेली बाई, तिला सगळा वॉर्ड घाबरत असे, डॉक्टरसुद्धा. मी सगळं सांगितलं. तिनं मला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. आता बोलणी बसणार म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले.

"त्या चार्टवर तुझ्या एकटीच्याच खोट्या सह्या आहेत असं वाटते काय तुले?" ती म्हणाली. "साठ पेशंट अन् दोन बाया. माणसं द्या म्हणून वर लिहून लिहून थकली मी. पण ते माझं काम, मी पाहीन. तू काय करशील?"

"मी त्यांची कूस बदलीन, मॅडम."

"किती दिवस?"

"जखम भरेपर्यंत."

"बोलून तर बसली तू. कमीत कमी तीन महिने लागतात अशा जखमेले." मग तिनं रजिस्टर ओढलं आणि केअर स्टडीसाठी आम्हा दोघींच्या नावापुढे सतरा नंबर लिहिला. प्रत्येक विद्यार्थिनीला एका पेशंटचा असा सविस्तर अभ्यास करावाच लागे. आम्हाला आमचा मिळाला.

पण पेशंट हात लावू देईना. "तुम्ही माझ्या पोरीच्या वयाच्या. मले लाज वाटते, बाई. राहू द्या जसं आहे तसं." बाजूला त्याची बायको पदराचं टोक चावत उभी होती.

मी म्हटलं, "काका, बाजारात पोतं उचलताना ते लाजत होतं का?"

"पोतं कायले लाजन?"

"मग तुम्हीही नका लाजू."

तो हसला. त्याला हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. त्यानं मान हलवली आणि आम्ही दोघी कामाला लागलो. चादरीखाली हात घातले, पुस्तकात दिलं होतं तसं तीनपर्यंत मोजलं आणि ओढलं. तो जागचा हलला नाही. माझ्या कमरेत मात्र चमक भरली.

"थांबा," तो म्हणाला. "असं काहून करून राहिल्या? कंबर मोडन तुमची. मी वीस वर्षं शंभर किलोचं पोतं उचललं, मले विचारा ना. आधी पाय रोवा. गुडघे वाकवा. जोर मांडीतून येऊ द्या, कंबरेतून नाही. अन् मोजता कायले? दोघींनी एकदम 'हां' म्हणा."

आम्ही पाय रोवले, गुडघे वाकवले, 'हां' म्हटलं, आणि तो अलगद कुशीवर आला. पाठीशी घडी केलेलं ब्लँकेट लावलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा ठेवल्या. ज्या धड्याची मी परीक्षेसाठी घोकंपट्टी केली होती, तो मला सतरा नंबरच्या पेशंटनं शिकवला.

सर्जननी जखमेतला मेलेला भाग काढून टाकला. राउंडला जाता जाता ते म्हणाले होते, "ही आपोआप भरणारी नाही, पुढे ऑपरेशन करून झाकावी लागेल." रोजचं ड्रेसिंग इन्चार्ज सिस्टर आधी स्वतः करून दाखवायची, नंतर आमच्याकडून करून घ्यायची. सलाइननं धुवायचं, आतला जिवंत लाल भाग चोळायचा नाही, कडा कोरड्या ठेवायच्या. दर सोमवारी ती स्वच्छ केलेलं पारदर्शक प्लॅस्टिक जखमेवर धरायला लावायची आणि मार्करनं कडा आखून घ्यायची. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नका," ती म्हणायची. "डोळे रोज पाहतात, त्याईले फरक दिसत नाही."

चार आठवड्यांनी आमची ड्यूटी बाळंतपणाच्या वॉर्डात लागली. जखम तेव्हा थोडीच आक्रसली होती. आम्ही गेल्यावर तक्ता पुन्हा एका मिनिटात भरला जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. उरली होती त्याची बायको.

"मले नाही जमत," ती म्हणाली. "ते पाहिलं का मले चक्कर येते."

"मग जखम पाहूच नका. आधी फक्त खांद्याला हात लावा."

पहिल्या दिवशी तिनं खांद्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी खांदा आणि कंबर. आठव्या दिवशी तिनं शेजारच्या पेशंटच्या भावाला हाताशी घेऊन नवऱ्याला वळवलं आणि जखमेकडे पाहून मला म्हणाली, "लाल आहे वं. चांगलं का वाईट?"

"चांगलं, मावशी."

घड्याळाकडे तिचं लक्ष राहत नसे, म्हणून मी तिच्या मोबाइलमध्ये दोन-दोन तासांचे गजर लावून दिले. आवाज तिनं निवडला, कोंबड्याचा. मग काय, भरदुपारी वॉर्डात कोंबडा आरवायचा आणि लांबच्या खाटेवरून कोणीतरी ओरडायचं, "पलटवा गा त्याले!" आठवडाभर लोक हसले. पुढच्या आठवड्यात कोंबडा आरवला की आणखी चार-पाच खाटांवरचे नातेवाईक उठून आपापल्या माणसाची कूस बदलू लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघी रोज क्लास सुटला की पाच वाजता त्या वॉर्डात जायचो. ड्यूटी नसताना वॉर्डात जायचं नाही असा कॉलेजचा नियम होता. आमच्या ट्यूटरनी बोलावून खडसावलं, पण इन्चार्ज सिस्टरनं स्वतः येऊन परवानगी लिहून घेतली. त्या सत्रात माझी एक चाचणी पार बिघडली. पाठ सतत ठणकायची. आणि सातव्या आठवड्यात पेशंटला सणकून ताप भरला. लघवीचा संसर्ग झाला, जखमेची एक कड हिरवट दिसू लागली. सोमवारी आखलेली रेघ मागच्या सोमवारच्या रेघेच्या बाहेर गेली. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले.

मैत्रीण दारात येऊन उभी राहिली. "रड," ती म्हणाली, "पण साडेपाचला ड्रेसिंग आहे." तिनं माझ्या हातात ग्लोव्हज दिले आणि निघून गेली. मी तोंड धुतलं आणि तिच्यामागे गेले.

औषधं बदलली, ताप उतरला. मावशी रोज उकडलेली अंडी आणि भिजवलेले चणे भरवायची, तो कंटाळला तरी सोडायची नाही. हिरवा रंग गेला. रेघ पुन्हा आत येऊ लागली.

तेराव्या आठवड्यात सर्जनचा मोठा राउंड होता. ऑपरेशनची तारीख ठरवायला ते सतरा नंबरपाशी थांबले. आम्हालाही सिस्टरनं बोलावून घेतलं होतं. त्यांनी ड्रेसिंग उघडायला सांगितलं आणि वाकून पाहिलं. जखमेच्या जागी रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, कोरडी, गुलाबी जागा उरली होती.

"हे कोणी केलं?"

"नर्सिंगनं केलं, सर," इन्चार्ज सिस्टर म्हणाली. "ह्या दोघींनी अन् ह्याच्या घरवालीनं." तिनं प्लॅस्टिकचे तेरा तुकडे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. एकात एक रेघा, मोठीच्या पोटात लहान.

"ऑपरेशन नको," ते म्हणाले. मग मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "नीट पाहून घ्या. हे तुमच्या पुस्तकात नसतं." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मुळात ही जखम झाली कशी?"

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. थांब असंही ती म्हणाली नाही आणि सांग असंही नाही.

"कूस बदलली जात नव्हती, सर. चार्टवर बदलल्याचं लिहिलं होतं. त्यातल्या चार सह्या माझ्या आहेत."

सर्जननी चष्मा काढून पुसला. "चार्टवर मीही सही करतो," ते म्हणाले, "आणि न वाचता करतो." मग सिस्टरला विचारलं, "तुम्हाला किती माणसं कमी आहेत ते मला लिहून द्या. माझ्या सहीनं पाठवू." त्यातून पुढे सगळं मिळालं असं नाही. काही महिन्यांनी एक जादा स्टाफ सिस्टर आणि हवेच्या दोन गाद्या आल्या. पण सिस्टरच्या कागदाला उत्तर आलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

राउंड पुढे सरकला. मी मात्र खाटेशीच उभी राहिले, कारण हे सगळं पेशंटनंही ऐकलं होतं. तोवर त्याला हे सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. तो छताकडे पाहत होता.

"तू सांगतलं नसतं," तो म्हणाला, "त मले कधीच मालूम पडलं नसतं."

"हो, काका."

"राग आला मले. खोटं कायले बोलू? पण मोठ्या डॉक्टरसमोर असं बोलाले छाती लागते." मग त्यानं हात लांब केला. "चाल, पलटव. टाइम झाला."

मैत्रीण पलीकडच्या बाजूला आली, आम्ही पाय रोवले आणि 'हां' म्हटलं.

तो पायांवर उभा राहिला नाही, राहणार नव्हताच. चाकाच्या खुर्चीत बसून घरी गेला. जाताना पाठीवरची कातडी मात्र अखंड होती.

मी आता त्याच शहरात नर्सिंग शिकवते. माणसं आजही कमी आहेत, मुलींना आजही रजिस्टर घेऊन पळावं लागतं. वर्गात मी जखमांचा धडा घेते तेव्हा तेरा तुकड्यांबद्दल सांगते, आणि सह्यांबद्दलही. सह्यांचं ऐकताना मुली फळ्याकडे पाहणं सोडून माझ्याकडे पाहतात.

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थिनींना घेऊन कळमन्याच्या मागच्या वस्तीत तपासणीला गेले होते. आमचा सतरा नंबर घरासमोर चाकाच्या खुर्चीत बसून फाटलेली बारदानं शिवत होता, हातात दाभण. मला पाहिल्याबरोबर त्यानं बायकोला हाक मारली. ती घरात नव्हती, दोन घरं सोडून पलीकडे होती. मी तिकडे गेले. आत खाटेवर लकव्यानं पडलेली एक म्हातारी, आणि मावशी तिच्या सुनेला दाखवत होती, खांदा कुठे धरायचा, कंबर कुठे.

"वस्तीत कोणी खाटीले लागलं का मलेच बोलावतात," ती म्हणाली. "सहा घरी शिकवून झालं." तिनं म्हातारीला हलकेच वळवून मला पाठ दाखवली. आठ महिन्यांपासून पडून होती ती बाई, आणि पाठ स्वच्छ होती, कुठे लाल डागही नाही. मी माझ्या मुलींना आत बोलावलं आणि ती पाठ दाखवली. मावशी बाजूला सरकू लागली, तशी मी तिला थांबवलं.

"तुम्हीच सांगा यांना, मावशी."

तिनं पदर खोचला आणि सांगायला लागली.