अम्मी उठून बसली

आपा कराचीहून आली ती तीस दिवसांच्या व्हिसावर. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. पोलीस ॲक्शननंतर मामाचं बिऱ्हाड तिकडं गेलं, पुढं आपाला मामाच्याच घरी दिली, आणि सख्खी बहीण कायद्यानं परदेशी झाली. व्हिसावर एकाच शहराचं नाव, आमच्या. अब्बांची कबर पैठणला, एसटीनं जेमतेम दीड तास. पण पैठण कागदावर नव्हतं, म्हणून तिनं फातेहा आमच्या अंगणातूनच पढली.

अम्मी अंथरुणाला खिळलेली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर महिना. अम्मीला न सांगताच कळलं होतं. तिचं मागणं एकच होतं, मयतीची शेवटची अंघोळ लेकीच्या हातची हवी. “बहू का दिल नक्को दुखाव,” ती मला म्हणाली, “पर नहलाएगी मेरी बेटीच.”

दिवस संपत आले तसा मी औरंगपुऱ्यात टायपिस्टकडं बसून अर्ज करून घेतला. पंधरा दिवसांची मुदतवाढ, सोबत फोटो आणि डॉक्टरांचं पत्र. तो परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कचेरीत दिला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कचेरीच्या पायरीबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही, तेव्हा मी रोज चढायचो. शाळेत पोरांना मराठी शिकवणारा मास्तर मी, तिथं बाकावर हाताची घडी घालून बसायचो. शेवटी साहेब म्हणाले, “डॉक्टरचं पत्र कुणीबी आणतं. आमचा माणूस घरी येऊन बघेल, मग ठरवू.”

माणूस आला, तोही मी शाळेत असताना. पुढचं मला बायकोनं सांगितलं. दारात खाकी दिसली आणि आठ दिवस स्वतःहून कूस न बदललेली अम्मी भिंतीला धरून उठून बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला, पाठीला तक्क्या मागितला. घरी आलेल्या माणसासमोर लोळत पडायचं, हे तिनं जन्मात केलं नव्हतं. आपाला चहा टाकायला लावला, बशीत नानखटाई काढायला लावली.

“आजी, तब्येत कशी हाय?” हवालदारानं विचारलं.

“अल्ला का करम है, बेटा. तुम्हारे बच्चे कैसे हैं?”

पाहुण्यापुढं दुखणं उगाळायचं नसतं, हेही तिचंच शास्त्र. त्यानं चहा पिला आणि कागदावर लिहिलं, रुग्ण उठून बसतात, बोलतात, प्रकृती ठीक. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्याला शिव्या घालायची सोयसुद्धा राहिली नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

अर्ज नामंजूर झाला. मी वाद घातला तर टेबलामागचा कारकून म्हणाला, “मयत झाली असती तर लगेच दिली असती मुदत.” मी म्हणालो, त्यासाठीच तर मागतोय. त्यानं पुढची फाईल उघडली.

आपा गेली. दुसऱ्या दिवशी अम्मी मला म्हणाली, “मैं उसको चाय पिलाई, नानखटाई खिलाई. फिर बी नै लिखके दिया?”

तोंडावर आलेलं गिळायला हवं होतं. नाही गिळलं. “तू उठके बैठी ना, इसलिए नै दिया!” मी ओरडलो. “पडी रहती तो आपा आज इधर होती!” अम्मी भिंतीकडं तोंड करून राहिली. त्या ओरडण्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्यानं तोच हवालदार परत आला, परदेशी बाई मुदतीत गेली की नाही ते बघायला. या वेळी मी घरी होतो. बुटांचा आवाज ऐकला आणि अम्मीनं चादर गळ्यापर्यंत ओढली, डोळे मिटले, कण्हायला लागली. दुखलं तरी तोंडातून हूं न काढणारी बाई. तो दारातच ओशाळला. “आजीची तब्येत लईच उतरली व्हय,” म्हणाला. चहाला नको म्हणाला, माझी सही घेतली आणि गेला.

तो गेल्यावर अम्मीनं डोळे उघडले.

“अब तो लिखेगा ना?”

मी हां म्हणालो. चौथ्या दिवशी तिला माझ्या बायकोनं अंघोळ घातली.