देवधरकाकांची सफरचंदाची बाटली

ज्या वस्तूनं आपला माणूस वाचतोय, तिच्यावर बंदी घाला अशा अर्जावर तुम्ही सही कराल का? मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून देवधरकाकांविषयी लिहितो.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात मोटारींच्या कारखान्यात रंगखात्याची सुरक्षा काकांकडे होती. "लेबल नाही, तर एंट्री नाही," म्हणत ते नाव नसलेला डबा दारातूनच परत पाठवत. शनिवार-रविवारी हाच माणूस महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या घरांना होमिओपॅथीची औषधं फुकट देई, आणि त्या बाटल्यांवर एक अक्षर नसे. विचारलं तर म्हणायचे, "त्यांना मी चेहऱ्यानं ओळखतो रे."

आमची ओळख मंडळाच्या पिकनिकला झाली. मी तंबाखूविरोधी पत्रकं वाटत होतो. काकांनी सिगरेट पेटवली, पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "फोटोतलं फुप्फुस माझ्यापेक्षा फ्रेश दिसतंय, यार." मी चिडलो. पुढच्याच रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो.

२००७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून बॅटरीवर चालणारी सिगरेट मागवली. तिच्यात निकोटिनचं पाणी भरायचं आणि वाफ ओढायची. शैलाकाकू लग्नापासून जे मागत होत्या, ते या यंत्रानं करून दाखवलं. काकांची खरी सिगरेट सुटली. मी त्या यंत्राविरुद्धही पत्रक काढणार म्हटल्यावर काकूंनी दम भरला, की मग रविवारचं जेवण बंद.

ते पाणी चीनहून यायचं. बाटलीवर सफरचंदाचं चित्र, चिनी अक्षरं आणि सैल झाकण. ती गळायला लागली, तेव्हा काकांनी पाणी होमिओपॅथीच्या ड्रॉपरच्या बाटलीत ओतलं. तशा बाटल्यांची जागा औषधाच्या डब्यात. सवयीनं तीही तिथेच गेली.

एका रविवारी सकाळी काकूंना खोकला होता आणि काका अंघोळीला गेले होते. काकूंनी डब्यातली ती बाटली काढून नेहमीसारखे थेंब पाण्यात घेतले. मी समोर पोहे खात होतो. घसा भाजतोय म्हणाल्या, मग उलट्या, घाम, हातांना कंप. हॉस्पिटलात डॉक्टर एकच विचारत होता, यात निकोटिन किती? विषबाधेच्या हेल्पलाइनवरही तोच प्रश्न. काका मूळ बाटलीवरचं सफरचंदाचं चित्र पुढे धरून "आय डोन्ट नो" म्हणत राहिले. हे वाक्य कारखान्यात कोणी उच्चारलं असतं, तर त्यांनी त्याला घरी पाठवलं असतं.

संध्याकाळपर्यंत काकू सावरल्या. काकांनी यंत्र कचऱ्यात टाकल्याचं कळल्यावर पलंगावरूनच म्हणाल्या, "अहो, मला विष दिलंत ते चुकून. आता सिगरेट ओढून स्वतःला मुद्दाम देऊ नका." आठवड्याभरात गराजमध्ये सिगरेटचा वास येऊ लागला. लोकांना औषध देणं मात्र त्यांनी कायमचं थांबवलं.

मी सरकारी कचेऱ्यांना फोन केले. एकीकडे म्हणाले, हे औषध नाही. दुसरीकडे म्हणाले, यात तंबाखूचं पान नाही. मग हे आहे तरी काय? पत्रकावर 'बंदी घाला' लिहिलं आणि खोडलं. काकूंना जवळजवळ मारणाऱ्या वस्तूची बाजू कशी घ्यायची? आणि काकांची सिगरेट सोडवणारी वस्तू बंद करा असं तरी कसं म्हणायचं? राग भरपूर होता. तो कोणावर काढायचा, हे कळत नव्हतं.

२००८च्या हिवाळ्यात काका हार्ट अटॅकनं गेले. भेटायला गेलो, तेव्हा काकूंनी शांतपणे विचारलं, "यांना कोणी मारलं म्हणून लिहिणार आहेस तुझ्या पत्रकात? सिगरेटनं, का त्या बाटलीनं, का मी खोकले म्हणून?"

वर्ष झालं, उत्तर मी अजून शोधतोय. पण एक गोष्ट उत्तर येईपर्यंत थांबू शकत नाही. आजच आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहा: अशा प्रत्येक बाटलीवर निकोटिनचं प्रमाण वाचता येईल असं छापायला लावा, आणि झाकण लहान मुलांच्या हातांनी उघडणार नाही असं बसवायला लावा. बंदीचं नंतर भांडू. पत्र आधी टाका.