पिंडाखालच्या पायरीवरचं कुत्रं

दहीभाताचा आंबूस वास आला की रामकुंडावरचा नवऱ्याचा दहावा आठवतो. पिंड ठेवून सगळे मागे सरले, पण भिंतीवरचे कावळे काही खाली उतरेनात. दिरांनी हात जोडले, ‘‘दादा, तुझ्या पोरीला आम्ही शिकवू.’’ कावळे ढिम्म. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तशा सासूबाई पुढे झाल्या. ‘‘हिनंच खाल्लं ना रे तुला? नाही ठेवत हिला घरात. आता तरी घे, बाळा.’’ आणि कावळा शिवला. सगळ्यांचे डोळे वर, कावळ्यांकडे होते. माझी मान खाली होती, म्हणून पिंडाखालच्या पायरीवर पहुडलेलं कुत्रं त्याच क्षणी उठून गेलेलं मला एकटीला दिसलं. तसं सांगितलं, तर दीर म्हणाले, ‘‘वहिनी, निदान आज तरी खोटं बोलू नका.’’ संध्याकाळी माझी पिशवी दाराबाहेर आली, पोर आतच राहिली. परवा ती भेटली आणि आजीच्याच तोऱ्यात म्हणाली, ‘‘मग आई, कावळा नेमका तेव्हाच का शिवला?’’ मी पुन्हा कुत्र्याचं सांगितलं. ती हसली. ते कुत्रं आता माझ्याशिवाय कुणाजवळच नाही. मी गेले की ते तिथं कधी बसलंच नव्हतं.