तुळशीराम मुकादमाची पायली

भीमराव वानखडे निवृत्त झाले तेव्हा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या निम्म्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. गेज तपासणीत चौतीस वर्षं काढलेला माणूस. केसाएवढा फरक दिसला की नग बाजूला. मग तो साहेबाच्या ओळखीच्या माणसाचा असो, की महिनाअखेरची घाई असो. "पुढच्या वेळी नीट करा," एवढंच म्हणायचे, आणि तेही अशा थंड आवाजात, की त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

असा माणूस वारज्याच्या फ्लॅटमध्ये रिकामा बसला तर काय होणार? त्यांनी कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या पत्नीने, हिराबाईंनी, हात जोडले. "अहो, तुम्ही कुठेतरी जात चला."

मग ते शहरातल्या एका लहानशा संग्रहालयात जाऊ लागले. तिथे जुन्या घरगुती वस्तूंची संगणकीय नोंद चालली होती. वस्तू फिरत्या तबकडीवर ठेवायची, चहूबाजूंनी दोन-अडीचशे फोटो काढायचे, आणि त्यातून संगणक तिचं हुबेहूब त्रिमितीय रूप उभं करतो. मग वस्तूला हात न लावता ती आतून-बाहेरून मोजता येते. पूर्वा नावाच्या तरुण संशोधक मुलीने हे काम त्यांना आठवडाभरात शिकवलं, आणि महिनाभरात ते तिच्याच चुका काढू लागले.

"काका, चिल! एवढं ॲक्युरेट कोण बघतंय?"

"मी बघतोय."

पूर्वा तोंड वेडंवाकडं करायची. पण ह्या माणसाने मोजलेलं पुन्हा मोजावं लागत नाही, हे तिला लवकरच कळलं, आणि अवघड वस्तू आपोआप त्यांच्या टेबलावर येऊ लागल्या.

गेल्या हिवाळ्यात विदर्भातल्या एका मोठ्या शेतकरी घराण्याने दोन मापं भेट दिली. एक लोखंडी पायली, सरकारी शिक्का मारलेली, कोठारात धान्य भरताना वापरायची. दुसरी लाकडी, मजुरांना ज्वारी मोजून द्यायची. सोबतच्या कागदावर गावाचं नाव वाचून भीमरावांचा हात थांबला. गाव त्यांचंच होतं. आणि लाकडी पायली त्यांच्या वडिलांच्या हातातली.

वडील, तुळशीराम, त्या घरी मुकादम होते. दिवस मावळताना मजुरांच्या पदरात ज्वारी घालायचं काम त्यांचं. भीमराव सात वर्षांचे असताना मालकाने भर खळ्यात तुळशीरामांना चोर ठरवलं. कोठारात धान्य कमी भरतंय, मुकादमाचं माप खोटं आहे, असं सगळ्यांदेखत सुनावलं. तुळशीराम बिऱ्हाड उचलून खडकीला मावसभावाकडे आले, हमाली करून पोरं शिकवली, आणि त्या गोष्टीबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. बोलायचे ते भीमराव. लग्नकार्यात कुणी विषय काढला, की ते ठासून सांगायचे, "आमच्या बाबांचं माप चोख होतं." खरं तर त्यांचा सगळा काटेकोरपणा ह्या एका वाक्याच्या आधाराने उभा होता. आता ते वाक्यच तपासायची वेळ आली होती.

लाकडी पायली उभी चिरली होती. दाणे भरावेत तर निम्मे खाली सांडणार. तेव्हा संगणकावरच चीर बुजवून आतली पोकळी मोजायची, आणि लोखंडी पायलीशी ताडून पाहायची. हे माप आपल्या घरचं आहे, हे भीमरावांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं, आणि जायलाच हवं होतं, हेही त्यांना कळत होतं. तेवढा एक नियम त्यांनी मोडला.

आकडा आला. दोन्ही मापांत तब्बल दोनशे दहा मिलिलिटरचा फरक होता. आपलंच चुकलं असणार म्हणून त्यांनी पुन्हा सगळे फोटो काढले. लोखंडी पायली खऱ्या ज्वारीनेही भरून पाहिली. संगणकाचा हिशेब बरोबर होता. तिसऱ्यांदाही फरक तेवढाच आला. मात्र लाकडी पायली कमी भरत नव्हती. जास्त भरत होती.

पूर्वाने पडद्यावर तळ मोठा करून पाहिला. आत सुताराच्या पटाशीचे बारीक घाव होते, एकाशेजारी एक.

"काका, ही झीज नाहीये. कुणीतरी मुद्दाम आतून तळ कोरलाय."

भीमरावांनी मनात हिशेब मांडला. दर पायलीमागे एक ओंजळ ज्वारी. रोज, प्रत्येक मजुराच्या पदरात. कोठारात धान्य का कमी भरत होतं, ते त्यांना साठ वर्षांनी समजलं. म्हणजे मालक खोटं बोलला नव्हता. खोटं बोलत होते ते भीमराव स्वतः, जन्मभर, आणि तेही छाती पुढे काढून. त्यांना वडिलांचा राग आला, अभिमान वाटला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काय करावं ते सुचेना.

नोंदीच्या अर्जात फरकाचं कारण निवडायचं होतं. 'झीज' हा पर्याय पहिलाच होता. तो निवडला असता तर पूर्वा सोडून कुणी विचारलं नसतं, आणि बाबांचं माप चोखच राहिलं असतं. भीमराव त्या शब्दाकडे पाहत राहिले. मग त्यांनी एका बोटाने टाइप केलं : 'माप खोटं. तळ मुद्दाम कोरलेला. मजुराला पायलीमागे एक ओंजळ जास्त.' खालच्या रकान्यात, वापरणाऱ्याच्या नावापुढे, नुसतं 'मुकादम' होतं. तिथे त्यांनी 'तुळशीराम वानखडे' असं पूर्ण नाव घातलं.

पूर्वाने आडनाव वाचलं आणि वर पाहिलं. "काका, हे...?"

"वडील. मी आधीच सांगायला हवं होतं. आता माझं मोजमाप धरू नकोस. तू पहिल्यापासून मोज."

ती कामाला लागली. भीमराव बाजूच्या खुर्चीत बसून राहिले. चौतीस वर्षांत ज्याने एकही खोटा नग पुढे जाऊ दिला नव्हता, त्या माणसाला आज मनापासून वाटत होतं, की हे माप खोटंच निघावं.

दीड तासाने आकडा तोच आला, आणि भीमराव त्या पोरीसमोर ओक्साबोक्शी रडले.