सावळं होण्याची सुई

कोमल, मी निघाले तेव्हा चैत्राचं ऊन होतं, तरी पाथर्डीच्या स्टँडवर आईने मला लांब बाह्यांचा ड्रेस घालायला लावला होता. एसटी सुटताना तिने खिडकीतून हात आत घातला. मला वाटलं, तोंडावरून फिरवतेय. तिने माझी वर सरकलेली बाही खाली ओढली. "झाकून घे बाई, लोकं बघत्यात," एवढंच बोलली. तू आठवीत होतीस. ताईच्या हातावरच्या कोडामुळे आपल्याकडे पाहुणे येत नाहीत, हे तुला कळायला लागलं होतं.

इथे इंग्लंडमध्ये मी आठ वर्षं म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नोकरी करते. माझ्या हातांकडे कोणी दोनदा बघत नाही. उलट आपल्याकडे पोरी स्कूटीवर डोळे सोडून सगळं स्कार्फने गुंडाळतात, तर इथल्या गोऱ्या पोरी सावळं व्हायला जिवाचा आटापिटा करतात. सोबत काम करणारी जेसिका त्यासाठी पोटात सुई टोचून घ्यायची. ऑनलाइन मागवलेली पावडर, पाण्यात कालवलेली. बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना किती घ्यायची ते. मी रोज औषधं वाटणारी बाई, मला कळायला हवं होतं. पण तुझं लग्न ठरलं होतं आणि मला तुला हळद लावायची होती. डाग रंगले तर कोण अडवणार, असं वाटलं, आणि मीही तीच सुई टोचून घ्यायला लागले.

तीन आठवडे मळमळ सोसली. बाकीची कातडी काळवंडली, कोड मात्र तसंच पांढरं, आधीपेक्षा उठून दिसणारं. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या जागी रंग तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत, सुई रंगवणार कोणाला? त्यांची नजर माझ्या पाठीवरच्या तिळावर होती. तो काळाभोर झाला होता, कडा पसरल्या होत्या. सुईमुळेच का, ते त्यांनाही सांगता येईना. कॅन्सर तर नाही ना, हे बघायला तीळ कापून तपासणीला पाठवला.

मी आईला व्हिडिओ कॉल केला, तिळाचं सांगायला. तिने माझा हात बघितला आणि रडायलाच लागली. "लई वाढलंय गं. हळद-लग्न उरकू दे, मग ये. पावन्यांनी बघितलं तर कोमलचं मोडंल." मला राग आला, खूप आला, पण ती रडत होती. मी "बरं" म्हटलं. तिळाचं राहूनच गेलं.

हे पत्र आत्ता पाठवणार नाही. रिपोर्ट गुरुवारी येईल, तुझी हळद शनिवारी आहे. मधल्या दिवसांत तू फोनवर साड्या दाखवशील, आणि कुठला रंग तुला खुलतो ते मी सांगत बसेन. रिपोर्टमध्ये वाईट काही निघालं तरी आवाजावरून तुला कळू द्यायचं नाही. कोमल, घरासाठी आता मला एवढंच करता येतं.